जात्याचा फेरा, पंचवीस फ्रेम

खोलीत खुर्च्या चार आणि माउस एकच. तो नातीच्या हातात होता, बाकी तिघं तिच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होते. पडद्याच्या मधोमध एक लहान खिडकी उघडली होती. तिच्यातला प्रश्न असा होता, की या क्लिपचा फ्रेम रेट प्रोजेक्टच्या फ्रेम रेटपेक्षा वेगळा आहे, तर प्रोजेक्टचा बदलायचा का? खाली दोन बटणं होती. एक बदलण्याचं, एक न बदलण्याचं.

"नको बदलू. बदललं आणि काय बिघडलं तर?" कॅमेरा करणारा मुलगा म्हणाला.

चौघांपैकी कुणालाच प्रश्न कळला नव्हता. न बदलण्याचं बटण दाबलं गेलं, खिडकी मिटली आणि सगळ्यांना हायसं वाटलं. पुढे त्या बटणापायी त्यांचं आठवडाभराचं काम वाया गेलं.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'अनोळखी हत्यार' असा विषय सुचवला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर कोल्हापुरातलं एक कॉलेज आलं. तिथल्या जनसंवाद विभागात तिसऱ्या वर्षाच्या मुलांना चार मिनिटांचा म्युझिक व्हिडिओ सबमिशन म्हणून करायचा असतो. मागच्या वर्षापर्यंत लॅबमध्ये एक सॉफ्टवेअर होतं. त्याच्या परवान्याची मुदत संपली आणि यंदा सगळ्या मशीनवर दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती आली. मुलांनी दुसऱ्या वर्षी जुन्यावर हात बसवला होता आणि त्याआधी फोनवर, काइनमास्टर आणि इनशॉटवर, गल्लीतल्या मंडळांचे व्हिडिओ जोडले होते. हे तिसरं त्यांनी कधी उघडलेलंही नव्हतं. मी श्रावणातले चार शनिवार त्यांच्याबरोबर बसले. कामावरूनच त्यांची ओळख करून देते. जिच्या आजीचं गाणं होतं ती संकलन करणारी नात, कॅमेरावाला, हलगीवाला आणि चौथी, जिच्या वहीत सगळ्या टेकची नोंद होती.

आजी दोनदा तेच गात नाही

गाणं नातीच्या घरचं होतं. कागल तालुक्यात तिच्या गावी आजीच्या पडवीत जातं अजून रोवलेलं आहे. पीठ गिरणीतून येतं, पण डाळ भरडायला आणि घरच्या लग्नाची हळद दळायला तेच जातं लागतं. आजी खुंटा धरून बसली की तिला आपोआप ओवी सुचते. ती ओवी हलगीच्या साथीवर बांधायची, असं मुलांनी ठरवलं.

म्युझिक व्हिडिओची नेहमीची रीत त्यांना ठाऊक होती. आधी गाणं रेकॉर्ड करायचं, मग ते स्पीकरवर वाजवून त्यावर ओठ हलवून घ्यायचे. हा प्लेबॅक. मुलं गावी गेली, खोलीत गाणं रेकॉर्ड केलं आणि दुसऱ्या दिवशी पडवीत स्पीकर लावला. आजीने चार ओळी ऐकल्या आणि खुंट्यावरचा हात काढून घेतला.

"माझ्याच मागनं मी कसं म्हणू?"

तिला लाज वाटत नव्हती, की कॅमेऱ्याची भीतीही नव्हती. तिला ती गोष्टच जमण्याजोगी वाटत नव्हती. ओवी पाठ करून म्हणायची नसते. काल भावाचं नाव घेतलं, आज दारात उभ्या असलेल्या नातीचं घ्यावंसं वाटलं, तर ओळ वळते. डाळ जास्त ओतली गेली की हात जड होतो, मग चालही सावकाश होते. मुलांनी स्पीकर बंद केला, दोन फोन आणि एक मागून आणलेला मिररलेस कॅमेरा असे तीन ठिकाणी लावले आणि आजीला मोकळेपणी दळू दिलं. असे चार टेक झाले. चारही टेकमध्ये शब्द वेगळे, लांबी वेगळी, लय वेगळी. संकलनाच्या दृष्टीने ती चार निरनिराळी गाणी होती.

चौथीने वहीच्या पहिल्या पानावर एक आठवण लिहून ठेवली होती. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल या संगीत-अभ्यासकाने त्यांतल्या कितीतरी टेपवर उतरवल्या. आता 'पारी' या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात आणि ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गावही दिलेलं असतं. ते ऐकून या चौघांनी पहिला निर्णय घेतला, तो श्रेयनामावलीचा. पहिलं नाव आजीचं असेल आणि त्यापुढे गाव.

कोल्हापुरात कॅमेऱ्यासमोर गाणं असं जागीच गायलं जाण्याला जुना आधार आहे. १९३२ सालचा प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट इथलाच. तेव्हा प्लेबॅक आलेला नव्हता. दुर्गा खोटे आणि गोविंदराव टेंबे कॅमेऱ्यासमोर स्वतः गात आणि वादक चौकटीबाहेर बसून साथ करत. पडवीच्या कडेला, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा बसलेला हलगीवाला त्याच पद्धतीने वाजवत होता. हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं, आजीमुळे तशी वेळ आली होती.

वाढत गेलेला वाडा

रिझॉल्व्ह उघडलं की पडद्याच्या तळाशी चिन्हांची एक रांग दिसते. मुलांच्या आवृत्तीत सात चिन्हं होती: मीडिया, कट, एडिट, फ्यूजन, कलर, फेअरलाइट, डिलिव्हर. एकेका चिन्हावर टिचकी मारली की सगळा पडदा पालटतो. हलगीवाला पहिल्या दिवशी चुकून फ्यूजनमध्ये गेला, तर त्याची टाइमलाइनच दिसेना. काळ्या पटावर दोन चौकोन आणि त्यांना जोडणारी एक रेघ, एवढंच उरलं होतं.

"सगळं गेलं का काय?" त्याचा आवाज खरोखर घाबरलेला होता.

गेलं काहीच नव्हतं. हे सॉफ्टवेअर एखाद्या जुन्या वाड्यासारखं वाढत आलं आहे, त्यामुळे एका खोलीची रीत दुसरीत चालत नाही. त्याचा मूळ वाडा रंगांचा. चित्रपटांचे रंग जुळवणारी, फक्त मोठ्या स्टुडिओंना परवडणारी यंत्रं 'दा विंची सिस्टिम्स' ही अमेरिकी कंपनी बनवत असे. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या 'ब्लॅकमॅजिक डिझाइन'ने ती घेतली आणि काही काळाने मोफत आवृत्तीही काढली. पुढे २०१४ मध्ये दृश्यपरिणामांचं 'फ्यूजन' आलं, २०१६ मध्ये ध्वनीचं काम करणारं 'फेअरलाइट' आलं, आणि ही दोन्ही बाहेरची घरं वाड्याला जोडली गेली. झटपट जोडकाम करायची 'कट' ही खोली २०१९ ची. म्हणून एडिटमध्ये एका चित्रावर दुसरं चित्र थराने ठेवायचं असतं, तर फ्यूजनमध्ये आणि कलरमध्ये प्रत्येक क्रिया म्हणजे एक चौकोन, नोड, आणि चित्र त्या चौकोनांमधून रेघेने वाहत जातं. ज्याला हा इतिहास माहीत नाही, त्याला वाटतं आपलीच समज कमी पडते. विभागातल्या सरांनी पहिल्याच तासाला हे सांगितलं असतं, तर बरीच भीती वाचली असती असं माझं मत आहे. त्यांनी तिसऱ्या शनिवारी सांगितलं, आणि मुलांचे चेहरे तेव्हा मोकळे झाले.

शिकण्याची साधनं म्हणजे यूट्यूब. बहुतेक धडे हिंदीत, थोडे इंग्रजीत. शिकवणारा एका आवृत्तीवर, मुलं दुसरीवर, त्यामुळे तो म्हणतो तिथे बटण सापडेलच असं नाही. चौथीने वहीचं एक पान यासाठी राखून ठेवलं होतं. डाव्या बाजूला मराठीत जे करायचं ते, उजव्या बाजूला त्याचं इथलं नाव. 'दोन कॅमेऱ्यांचा आवाज जुळवणे.' 'मागचं सगळं न हलवता मधला तुकडा काढणे.' 'चित्र आधी बदलायचं, आवाज आधीचाच चालू ठेवायचा.' मला ते पान फार मोलाचं वाटलं. आपल्याला काय हवंय ते मराठीत नीट लिहिलं गेलं, की सर्चमध्ये काय टाकायचं ते पाच मिनिटांत सापडायचं. लिहिता आलं नाही, तर तासभर मेनू उघडले आणि मिटले जायचे.

फोनचा हात

पहिल्या दिवशीच्या त्या खिडकीकडे परत येते. रिझॉल्व्हमध्ये नवा प्रोजेक्ट उघडला की त्याचा वेग सुरुवातीला सेकंदाला २४ फ्रेम असा धरलेला असतो. बोलपट आले तेव्हापासून सिनेमाचा वेग तोच आहे. मिररलेस कॅमेरा २५ वर लावलेला होता. आपल्याकडच्या टेलिव्हिजनचा हा वेग आपल्या पन्नास हर्ट्झच्या विजेशी जुळवून ठरलेला आहे. फोन ३० वर होते. पहिली क्लिप आत ओढली तेव्हा सॉफ्टवेअर हेच विचारत होतं, की यांतला कुणाचा वेग धरू? आणि एकदा फुटेज आत आलं, की तो वेग पुन्हा बदलता येत नाही.

म्हणजे २५ फ्रेमचं चित्र २४ च्या साच्यात बसवताना दर सेकंदाला एक फ्रेम गळत होती. माणूस बोलताना हे जाणवत नाही. जातं फिरताना मात्र जाणवतं. फेरा गोल, संथ, एकसारखा, आणि सेकंदाला एकदा त्याला बारीकसा हिसका. मुलांना वाटलं लॅपटॉप मंद आहे. तो होताच. ४के चित्र आठ जीबी रॅमच्या मशीनला जड जाणारच, कारण फोन जागा वाचवण्यासाठी प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. एक पूर्ण चित्र आणि त्यानंतर फक्त काय बदललं त्याच्या नोंदी, असं ते असतं. पाहून सोडून द्यायला हे ठीक आहे. मधल्याच फ्रेमवर कापायचं म्हटलं, की मशीनला मागच्या पूर्ण चित्रापर्यंत जाऊन सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो. त्यावर उपाय म्हणून मुलांनी सगळ्या क्लिपच्या हलक्या प्रती, प्रॉक्सी, करून घेतल्या. चाल सुधारली, हिसका तसाच राहिला. शेवटी सरांनी एकेक फ्रेम पुढे सरकवत खुंट्याची जागा दाखवली. चोविसाव्या फ्रेमनंतर खुंटा दुप्पट उडी घेत होता.

नवा प्रोजेक्ट, २५ फ्रेमचा. आधीचे चाळीसेक कट पुन्हा. नातीने काही न बोलता सुरुवात केली.

फोनची गोष्ट आणखी अवघड निघाली. फोन ३० म्हणतो खरा, पण ते वचन तो पाळतोच असं नाही. प्रकाश कमी झाला की तो प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ देतो आणि सेकंदाला फ्रेम कमी भरतात, ढग सरकला की परत वाढतात. श्रावणातली पडवी, बाहेर पाऊस, आत एक बल्ब. त्या चार मिनिटांच्या क्लिपमध्ये वेग सतत बदलत होता. त्यामुळे सुरुवातीला ओठ आणि शब्द तंतोतंत जुळायचे आणि शेवटी आजी गाऊन झाल्यावर तिचे ओठ हलायचे. 'हँडब्रेक' या मोफत साधनातून फोनच्या सगळ्या क्लिप ठरावीक वेगाच्या करून घेतल्या, तेव्हा हे थांबलं. फोनच्या चित्रात बल्बचे आडवे पट्टेही तरंगत होते. त्याचं कारण पुन्हा पन्नास हर्ट्झ. दिवा सेकंदाला शंभरदा उजळतो-मंदावतो आणि एक पन्नासांश सेकंदाच्या शटरशी ते जुळतं, एक साठांशाशी जुळत नाही. हे मात्र संकलनात निघेना. कॅमेरावाल्याने वहीत पुढच्या खेपेसाठी लिहून घेतलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

मग शॉट वाटून घेतले. जातं फिरताना दिसतं ते सगळे शॉट कॅमेऱ्याचे. फोनचे शॉट चेहऱ्याचे, पागोळ्यांचे, चुलीजवळच्या मांजराचे, जिथे गळलेली फ्रेम डोळ्याला कळत नाही.

डिलीट

बोटांना लागलेली सवय सहजी सुटत नाही. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कापायचं पातं 'सी' वर होतं, इथे ते 'बी' वर आहे. ते दोन दिवसांत अंगवळणी पडलं. 'डिलीट'चं पडलं नाही. जुन्यात डिलीट दाबलं, की तुकडा जातो आणि त्याची जागा मोकळी राहते. इथे डिलीट दाबलं की तुकडा जातो आणि मागचं सगळं पुढे सरकून फट बुजते. फट ठेवून काढायचं, तर बॅकस्पेस.

दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी नातीने अडीचाव्या मिनिटाजवळचा मांजराचा एक शॉट काढला. गाण्याचा ट्रॅक जागेवर राहिला आणि त्यानंतरची सगळी चित्रं दोन सेकंदांनी अलीकडे आली. तिचं लक्ष सुरुवातीच्या भागावर होतं, म्हणून ते तिला दिसलंच नाही. त्यावर तिने तासभर काम केलं. मग शेवट बघायला घेतला.

"भावा, सगळं सरकलंय की!"

रद्द करत मागे जायचं, तर तासाभराची मेहनत पुसावी लागणार होती. तिने तसं केलं नाही. सरकलेला सगळा भाग निवडून दोन सेकंद परत ढकलला आणि एकेक जोड तपासला. साडेनऊला लॅब बंद करायला शिपाईकाका आले, तेव्हा तेरा जोड राहिले होते. "मी सकाळी येतो," ती म्हणाली. कोल्हापूरच्या बऱ्याच मुली 'मी येते' म्हणत नाहीत. माझी आईही 'मी आलो' म्हणायची.

सगळी बटणं जुन्या सॉफ्टवेअरप्रमाणे करून घ्यायची सोय रिझॉल्व्हमध्ये आहे. नातीने ती एक दिवस लावून पाहिली. मग यूट्यूबवरचा शिकवणारा सांगेल ते बटण आणि तिचं बटण यांचा मेळ बसेना, म्हणून काढून टाकली. मला तिचा निर्णय पटला. 'जे', 'के', 'एल' ही तीन अक्षरं मात्र बहुतेक सगळ्या संकलन-सॉफ्टवेअरमध्ये एकच काम करतात: मागे, थांबा, पुढे. तिची बोटं विसाव्याला तिथेच असायची.

ज्यांनी फिल्म कापली होती

तिसऱ्या शनिवारी मुलांना घेऊन मी मंगळवार पेठेत एका काकांकडे गेले. मुंबईत त्यांनी बरीच वर्षं चित्रपटांच्या संकलनखात्यात सहायक म्हणून काम केलं आणि मग गावी परत आले. त्यांनी मूव्हिओलावर फिल्म कापली आहे. मूव्हिओला म्हणजे उभं यंत्र, पायाखाली पेडल आणि वर बघायची छोटी काच. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात सोळा फ्रेम असतात, मिनिटाला नव्वद फूट फिल्म जाते. कट कुठे हवा ते फिल्मवरच ग्रीस पेन्सिलीने लिहायचं, कापायचं, सेलोटेपने जोडायचं. उरलेला तुकडा फेकायचा नाही, कापडी पिशवी लावलेल्या चौकटीत पिनेवर टांगायचा. संकलक दुपारी म्हणणार, सकाळी काढलेल्या सहा फ्रेम परत द्या. त्या शोधून देणं हे काकांचं काम होतं.

चौथी हे ऐकताना लिहीत नव्हती, नुसती बघत होती. तिच्या टेकच्या वहीचं काम तेच होतं.

बोलता बोलता काकांनी बाबूराव पेंटरांचा विषय काढला. कोल्हापुरात सिनेमाचा विषय निघाला की तो निघणारच. बाबूराव आणि आनंदराव हे नात्याने भाऊ लागणारे दोघे पडदे रंगवणारे चित्रकार. दोघांना कॅमेरा हवा होता आणि परदेशी कॅमेरा आवाक्यात नव्हता. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी घेऊन कॅमेरा इथेच घडवला आणि १९२० चा 'सैरंध्री' हा मूकपट काढला. यंत्राचं शिक्षण बाबूराव किंवा दामले, कुणाचंच झालेलं नव्हतं. तो कॅमेरा दांडी फिरवून चालायचा. मूकपटाच्या काळात सगळेच कॅमेरे तसे चालत. सेकंदाला सोळाच्या आसपास फ्रेम धरल्या जात, पण वेग शेवटी हाताचा. हात थकला की फ्रेम कमी, जोर आला की जास्त.

"म्हणजे आमच्या फोनसारखंच," कॅमेरावाला म्हणाला. काकांना फोनची भानगड समजावून सांगायला त्याला दहा मिनिटं लागली. ती त्याने फार चांगली सांगितली.

मग नातीने लॅपटॉप उघडून आतापर्यंतचं काम दाखवलं. काकांनी एकदा पाहिलं. त्यांनी माउसला हात लावला नाही, मागे जायचं बटण कुठलं एवढंच विचारलं. 'जे' सापडल्यावर ते बराच वेळ मागेपुढे करत राहिले. शेवटी म्हणाले, "आवाज बंद करा आणि पहिल्यापासून लावा."

हलगी उशिरा पडते

तोपर्यंत कट कसे पडत होते, ते सांगायला हवं. गाण्याचा पाया म्हणून मुलांनी तिसरा टेक निवडला होता. त्यात आजीचा आवाज लागलेला होता आणि पागोळ्यांचा आवाजही मधुर आला होता. त्या टेकचे तिन्ही कॅमेरे सॉफ्टवेअरने आवाजाच्या लाटांवरून आपणहून जुळवले. हे बघून हलगीवाल्याने टाळी वाजवली होती, कारण फोनवर तो हेच काम नजरेने करायचा. बाकीच्या तीन टेकमधले ओठ या शब्दांशी जुळणार नव्हते, म्हणून त्यांतून फक्त हात, पीठ, पाठमोरी आजी एवढंच घ्यायचं ठरलं.

मग हलगीवाल्याने गाणं चालू ठेवून हलगीच्या प्रत्येक ठोक्याला 'एम' दाबलं. टाइमलाइनवर निळ्या खुणांची लांबच लांब रांग लागली. म्युझिक व्हिडिओ ठोक्यावर कापतात, असं सगळेच धडे सांगत होते. मिनिटाला शंभर ठोक्यांचं गाणं असेल, तर २५ च्या वेगात एक ठोका बरोबर पंधरा फ्रेमचा. एकशे वीस ठोके असतील, तर साडेबारा, आणि अर्धी फ्रेम नसते, म्हणून एक कट बाराला, पुढचा तेराला. संगणकावर बांधलेल्या गाण्याला हा हिशेब चालतो. आजीच्या गाण्यात खुणांची अंतरं कुठे एकवीस, कुठे चोवीस, वैरण, म्हणजे जात्यात दाण्यांची मूठ, घातली की एकदम तीस. मुलांनी त्या खुणांवर निष्ठेने कापलं. एकशे बारा कट झाले. ते बघताना ओवी कानावर पडत होती आणि डोळ्यांसमोर वरात चालली होती.

काकांकडे आवाज बंद करून पाहिलं, तेव्हा पहिल्यांदा आजीचं अंग दिसलं. खुंटा लांब जातो तेव्हा ती कमरेतून पुढे वाकते, जवळ येतो तेव्हा मागे रेलते. वैरण घालायला डावा हात सुटतो तेव्हा श्वास घेते. गाण्याची ओळ त्या श्वासानंतर सुरू होते. हे सगळं आम्ही तीन आठवडे बघत होतो, तरी कुणाला दिसलं नव्हतं, कारण कान हलगीकडे होता.

नातीने एक कट मुद्दाम बदलून पाहिला. हलगीची खूण सोडून, खुंटा सगळ्यात लांब पोचून परत फिरतो तिथे कापलं. समोरून घेतलेला शॉट, आणि खुंटा वळतानाच बाजूचा शॉट. जोड दिसलाच नाही. आता आवाज लावला. हलगीचा ठोका कटानंतर तीन फ्रेमनी पडला.

हलगीवाला पुढे झुकून लाटेकडे बघत होता. तो शाळेपासून वाजवतो. "बरोबर आहे," तो म्हणाला. "आजी मला धरत नाही मॅडम, मीच आजीला धरतोय. तिचा हात फिरला की मला कळतं, मग माझी काठी पडते. म्हणून माझ्या ठोक्यावर कापलं की उशीर होतोय."

तीन फ्रेम म्हणजे एका सेकंदाचा जेमतेम आठवा हिस्सा. काका खुर्चीत सावरून बसले आणि त्यांनी ती जागा पुन्हा बघायला मागितली.

त्यानंतर लॅबमध्ये काम भराभर झालं. जुन्या सगळ्या खुणा पुसल्या गेल्या आणि नव्याने घातल्या त्या फेऱ्याच्या वळणावर. प्रत्येक वळणावर कापायचं नाही, हेही आता कुणाला सांगावं लागलं नाही. एके ठिकाणी आजी सासरच्या वाटेचं गाते, तिथे छत्तीस सेकंद एकही कट नाही. एकशे बाराचे एकेचाळीस झाले. ओळ संपताना चित्र आधी बदलतं आणि आवाज तसाच पुढे वाहतो, ती चौथीच्या पानावरची युक्ती चार ठिकाणी कामी आली. रंगांच्या खोलीत त्यांनी फारसं काही केलं नाही. फोनचा निळसर चेहरा आणि कॅमेऱ्याचा तांबूस हात एका बाईचे वाटतील इतकंच. अंधारातला कण काढून टाकायची सोय पैसे भरून मिळणाऱ्या आवृत्तीत होती, म्हणून तो राहिला. पडवीत तसाच अंधार असतो. शीर्षकासाठी कुठलाच फॉन्ट पसंत पडेना, तेव्हा नातीच्या आईने परातीतल्या पिठावर बोटाने गाण्याचं नाव लिहिलं आणि त्याचा फोटो वापरला. पूर्ण व्हिडिओतली ती मला सगळ्यात आवडलेली चौकट.

हात

सबमिशन सोमवारी होतं, घरोघरी गणपती यायच्या आठवड्यात. त्याआधीच्या रविवारी मुलं व्हिडिओ घेऊन गावी निघाली, मीही गेले. लॅपटॉप पडवीतल्या पेटीवर ठेवला. पहिल्यांदा उघडल्यावर सगळा पडदा लाल, 'मीडिया ऑफलाइन'. आता कुणी घाबरलं नाही. सॉफ्टवेअर चित्रं स्वतःकडे ठेवत नाही, ती कुठे ठेवलीत एवढाच पत्ता ठेवतं. कॅमेरावाल्याने खिशातून हार्ड डिस्क काढून जोडली आणि आजी पडद्यावर आली.

आजी जात्याला टेकून बसली होती. शेजारच्या दोघी, सून, दोन लहान मुलं. चार मिनिटं कुणी बोललं नाही. आपलं नाव आणि गाव पडद्यावर आलं, तेव्हा तिने ते नातीकडून वाचून घेतलं. मग म्हणाली, "परत लाव."

दुसऱ्यांदा बघताना दुसऱ्या मिनिटाच्या पुढे तिने बोट वर केलं.

"हितं माझा हात बदलला कसा?"

नातीने थांबवलं, 'जे' दाबून मागे नेलं. समोरच्या शॉटमध्ये खुंटा उजव्या हातात होता. पुढचा हाताचा शॉट दुसऱ्या टेकमधून घेतलेला, त्यात डावा. खुंट्याची जागा बरोबर जुळली होती, फेरा जुळला होता, म्हणून आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

"उजव्यानं दळत हुतो मी. डाव्यावर गेलो ते पुन्यांदा, हात भरून आल्यावर. ह्यो हात हितला न्हवं."

चौथीने वही उघडून दुसऱ्या टेकचं पान काढलं. तिथे शब्द होते, वेळ होती, पाऊस कधी थांबला ते होतं. हाताची नोंद नव्हती. तिने पेन काढलं.

नातीने त्या फ्रेमवर 'एम' दाबलं आणि खुणेच्या चौकटीत टाइप केलं: आजी, उजवा हात. मग तिसऱ्या टेकचं कॅमेऱ्याचं फुटेज उघडून ती पहिल्यापासून बघू लागली. आजी उठून तिच्याजवळ येऊन बसली आणि पडद्याकडे बघत म्हणाली, "थांब, पुढं हाय. वैरण घातल्यावर."